दिसलं तेवढंच लिही

माणूस तरुणपणी गेलं की त्याच्याबद्दल सगळ्यांना अचानक फार काही माहीत असतं. माझी एक कॉलेजची मैत्रीण २०१३ मध्ये गेली, पंचविशी सुद्धा गाठली नव्हती, आणि तिच्या शोकसभेत मी जिच्याबद्दल ऐकलं ती मुलगी मला आयुष्यात कधी भेटलेली नाही. शोकसभेतली मुलगी लहानपणापासून शास्त्रज्ञ व्हायचं स्वप्न बघत होती, कायम हसतमुख असायची, तिने कधी कुणाचं मन दुखावलं नाही आणि आज असती तर हमखास नासामध्ये असती. एका सरांनी तर थेट रामानुजनचं नाव घेतलं. रामानुजन ३२व्या वर्षी गेले आणि ही त्याच्याही आधी, एवढंच काय ते साम्य. मी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात म्हणत होते की अहो सर, हिचा गणिताचा एक पेपर राहिला होता, दुसऱ्यांदा दिल्यावर सुटला आणि त्या रागात ती गणिताच्या बाईंना पुढचं वर्षभर साधं गुड मॉर्निंग सुद्धा म्हणत नव्हती.

नाव लिहीत नाहीये. घरच्यांना असं चारचौघांत लिहिलेलं आवडेल न आवडेल, आणि तिला स्वतःलाही नावाचं फार कौतुक नव्हतं. वहीवर सुद्धा नाव नसायचं, नुसते आकडे. त्या आकड्यांवर येतेच.

तर हुशार होती का, होती. पण वर्गात पहिली येणारी हुशारी नव्हे. फिजिक्सला आम्ही तिन्ही वर्षं एकत्र होतो आणि मार्कांच्या यादीत ती कायम मधल्या गर्दीत. तिच्याकडे जे होतं त्याला मार्क द्यायची सोय कुठल्याच परीक्षेत नाही. तिला बघता यायचं. साधं, डोळ्यांनी बघणं. दोन तारे दाखवले तर त्यातला कुठला किती उजळ हे ती एका प्रतीच्या दहाव्या भागापर्यंत सांगायची (प्रत म्हणजे ताऱ्याच्या उजळपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद), आणि मुख्य म्हणजे जे दिसलं तेवढंच सांगायची. करून बघा एकदा, पहिलं सरावाने जमतं, दुसरं जमता जमत नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आकाशातले पुष्कळ तारे कमी-जास्त उजळ होत असतात, कुणी काही तासांत, कुणी वर्षभरात, कुणी मनाला येईल तेव्हा. मराठी पुस्तकांत त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. मोठमोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षं बघत बसायला वेळ नसतो म्हणून हे काम जगभर हौशी लोक करत आलेत. १९११ मध्ये अमेरिकेत विल्यम टायलर ऑलकॉट नावाच्या एका वकिलाने त्यासाठी संघटना काढली, एएव्हीएसओ, ती अजून चालू आहे आणि जगातून कुणीही तिला आपल्या नोंदी पाठवू शकतं. पद्धत अगदी सोपी आहे. नकाशा घ्यायचा, त्यावर आपला तारा आणि आजूबाजूचे न बदलणारे तारे त्यांच्या प्रतीसकट दिलेले असतात, त्यातला एक आपल्या ताऱ्याहून जरा उजळ आणि एक जरा मंद असे दोन निवडायचे आणि आपला त्या दोघांच्या मध्ये नक्की कुठे बसतो ते ठरवायचं. नकाशावर ३.४ असं न लिहिता ३४ असं लिहितात कारण दशांशाचा ठिपका एखाद्याला ताराच वाटायचा. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती इतकी खूष होती की जणू हा शोध तिनेच लावला, मेसमध्ये समोर बसणाऱ्या प्रत्येकीला तिने ते ऐकवलं होतं, एकीला दोनदा.

तिचा हिरो कोण, तर राधागोविंद चंद्र. बंगालमधल्या जेसोरचे, तिथल्या सरकारी तिजोरीत नोकरी करायचे, एन्ट्रन्सच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेत तीन वेळा नापास. या माणसाने एएव्हीएसओला ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या, साध्या नोकरीच्या जोडीने, वर्षानुवर्षं, आणि त्यांचं काम बघून अमेरिकेहून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली होती. गणिताचा निकाल लागला त्या दिवशी ती रूमवर आली आणि म्हणाली, "अजून दोनदा नापास झाले की बरोबरी." नंतर उशीत तोंड खुपसून रडली, ते वेगळं. पण आधी हे म्हणाली.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये एक चार इंची दुर्बीण कपाटात कुलूपबंद होती. कित्येक कॉलेजांत असते तशी, म्हणजे स्टॉक रजिस्टरमध्ये आहे, दरवर्षी तिची मोजणी होते, आणि आकाश तिने कधी बघितलेलं नाही. ती बाहेर काढायला सरांची सही, लॅब असिस्टंट काकांची मर्जी आणि कपाटाची किल्ली अशा तीन गोष्टी लागायच्या आणि तिन्ही एका दिवशी मिळणं कठीण. म्हणून सुरुवातीचं बरंचसं काम तिने स्वतःच्या १० बाय ५० च्या बायनॉक्युलरवर केलं. काळा, जड, उजव्या बाजूचं रबर निघालेलं, पट्ट्याच्या जागी सुतळी. तो मांडीवर घेऊन गच्चीच्या कठड्याला टेकून बसायची, कोपर गुडघ्यांवर रोवायची म्हणजे हात हलत नाहीत.

पण गच्ची मिळायची कुठे, हॉस्टेलची गच्ची रात्री नऊला बंद. रेक्टर बाईंकडे परवानगी मागायला गेलो तर त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं, मुली रात्री गच्चीवर कशाला? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच या ना एकदा, बघा आणि मग ठरवा." आणि बाई खरंच आल्या हो, शाल गुंडाळून, हातात हा एवढा मोठा टॉर्च. हिने पहिलं काय केलं तर बाईंना टॉर्च बंद करायला लावला. "डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात मॅडम, तोवर बोलत बसू." बाईंना तिने टॉर्च बंद करायला लावला हे एकच वाक्य पुढचा आठवडाभर हॉस्टेलभर फिरत होतं. बाई वीस मिनिटं बसल्या, मग तिने त्यांना ययाती तारकासमूहातला आल्गोल हा तारा दाखवला आणि विचारलं की हा त्या शेजारच्यापेक्षा उजळ की मंद? बाई म्हणाल्या, तू सांग. ती म्हणाली, "नाही मॅडम, तुम्ही सांगा, मी सांगितलं की तुम्हाला तसंच दिसणार." दुसऱ्या दिवशी गच्चीची किल्ली मिळाली. आमच्या टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावायचा या अटीवर, आणि ही अट तिनेच बाईंना सुचवली होती.

आल्गोलबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण ती खरी कशी होती ते मला तिथेच सगळ्यात नीट दिसलं. यात दोन तारे आहेत, एक उजळ, एक मंद, एकमेकांभोवती फिरणारे, आणि मंद तारा आपल्या बाजूने आडवा आला की उजळाला ग्रहण लागतं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. एरवी २.१ प्रतीचा तारा ३.४ पर्यंत उतरतो आणि परत चढतो, सगळं मिळून साधारण दहा तासांत, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. दर तीन दिवसांनी ग्रहण सव्वातीन तास आधी येतं, त्यामुळे एकदा पहाटे तीनला असेल तर पुढचं मध्यरात्रीच्या जरा आधी आणि त्याच्या पुढचं संध्याकाळी नऊच्या आतच, असा हिशोब करता येतो. हा हिशोब ती मला करायला लावायची. वेळ मी कागदावर लिहायची, घडी घालून खिशात ठेवायची, आणि तिला फक्त "आज रात्री" एवढंच सांगायचं. आपल्याला वेळ कळली की डोळे आपलं ऐकायला लागतात, असं तिचं म्हणणं. आणि ज्या अर्थी मला वेळ माहीत आहे त्या अर्थी मी बघायचं नाही, फक्त लिहायचं. मी लेखनिक. हातात घड्याळ, वही आणि तो लाल टॉर्च.

ती ताऱ्याकडे टक लावून बघायची नाही. एक नजर आल्गोलवर, एक शेजारच्या २९ वर, परत आल्गोल, मग खाली त्रिकोण तारकासमूहातल्या ३४ वर, मग डोळे मिटून घ्यायची. "एकोणतीस आणि चौतीसच्या मध्ये. एकोणतीसला जवळ. एकतीस लिही." मी लिहायचे. पुढच्या अर्ध्या तासाला तिला आधीचा आकडा विचारायची परवानगी नव्हती, म्हणजे तिनेच स्वतःला दिलेली नव्हती, आणि मी चुकून वही तिच्या बाजूला धरली तर माझ्यावर खेकसायची. आल्गोलच्या अगदी बाजूला रो पर्सेई म्हणून एक लालसर तारा आहे, तुलनेला एकदम सोयीचा वाटतो, पण तो स्वतःच रूपविकारी. नवीन येणारी प्रत्येक मुलगी बरोबर त्याच्याशीच तुलना करायची आणि ही बरोबर तेव्हाच चिडायची. हसतमुख वगैरे काही नाही. रात्री दोन वाजता गच्चीवर ही मुलगी अत्यंत तुसडी होती.

एकदा असं झालं की आमच्या छोट्याशा ग्रुपने तिमिंगलातल्या मायराच्या नोंदी केल्या. मायरा लाल तारा आहे, आणि लाल ताऱ्याकडे जितकं जास्त वेळ बघाल तितका तो आणखी उजळ वाटायला लागतो, डोळ्यांचा दोष आहे हा, सगळ्यांचाच. सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळपास आले आणि हिचा एकटीचाच अर्ध्या प्रतीने मंद. सगळ्यांनी तिला सांगितलं, अगं बदल, उगाच वेगळा दिसतोय. तिने वहीत पुढे शेरा लिहिला, "इतरांचे वेगळे. मला हेच दिसलं." ती बरोबर होती की बाकीचे, ते मी सांगू शकत नाही आणि तिने सुद्धा कधी दावा केला नाही. दोन माणसांच्या अंदाजात दोन-तीन दशांशांचा फरक तर नेहमीच पडतो, शेकडो लोकांच्या नोंदी एकत्र केल्या की त्यातून ताऱ्याचा आलेख निघतो. पण ते कधी, तर प्रत्येकाने आपापलं लिहिलं तर. सगळ्यांनी शेजारच्याचं बघून लिहिलं तर एकाचीच नोंद शंभर वेळा होते. हे ती इतक्या साध्या आवाजात सांगायची की त्यात काही तत्त्वज्ञान आहे असं तिला वाटतच नव्हतं, तो तिच्यासाठी कामाचा भाग होता, प्रॅक्टिकलला जर्नल आणायचं असतं तसा. (जर्नल मात्र ती कधीच वेळेवर आणायची नाही.)

आता त्या आकड्यांबद्दल. या कामात तारीख आपल्या कॅलेंडरची नसते, ज्युलियन दिनांक असतो, इ.स.पू. ४७१३ पासून सलग मोजत आलेले दिवस. तो दिवस ग्रीनिचच्या दुपारी बाराला, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचला, सुरू होतो म्हणजे एकाच रात्रीच्या नोंदी दोन तारखांत फाटत नाहीत. तिच्या वह्यांवर तेच. त्याची तिला इतकी सवय झाली की हॉस्टेलच्या आउट रजिस्टरमध्ये सुद्धा तारखेच्या रकान्यात तोच सात आकडी नंबर घालून यायची, आणि रेक्टर बाईंना वाटायचं ही मोबाइल नंबर लिहिते आणि तोही अर्धाच. १७ जून २००९ ला ज्युलियन दिनांक बरोब्बर २४५५००० झाला, आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचला. त्या दिवशी तिने मजल्यावरच्या सगळ्यांना चॉकलेट वाटली आणि सगळ्यांनी तिला हॅपी बर्थडे म्हटलं. तिने एकीलाही दुरुस्त केलं नाही. ही एक नोंद तिने खोटी राहू दिली असं मी तिला नंतर खूप वेळा ऐकवलं.

आणि मग आर कोरोनी बोरिॲलिस. उत्तर मुकुट नावाच्या तारकासमूहाच्या वाटीत आतल्या बाजूला असतो हा तारा. एरवी सहाव्या प्रतीचा, बायनॉक्युलरमध्ये आरामात दिसणारा. याची गंमत म्हणजे हा उलटा आहे, बाकीचे तारे कधी तरी भडकतात आणि हा कधी तरी विझतो. स्वतःतून बाहेर टाकलेल्या कार्बनची काजळी धरते, तीच आड येते आणि तारा काही आठवड्यांत हजारो पटींनी मंद होतो, मग कधी परत येईल त्याचा नेम नाही. २००७ च्या जुलैमध्ये तो असाच मंद व्हायला लागला आणि १४व्या प्रतीच्याही खाली गेला. आम्ही कॉलेजला आलो २००८ मध्ये. म्हणजे ती हे सगळं शिकली, नकाशे जमवले, जागा पाठ केली, तेव्हा तारा आधीच गायब होता. तिच्या बायनॉक्युलरमध्ये त्या जागी काही नाही, चार इंचीत सुद्धा काही नाही. आणि ती दर स्वच्छ रात्री तिथे बघायची. परीक्षेच्या दिवसांत उत्तर मुकुट मध्यरात्रीनंतर वर यायचा, ती अलार्म लावून उठायची, गच्चीवर जायची, बघायची, लिहायची आणि परत येऊन झोपायची. काय लिहायची, तर "<९.१", कपाटाची किल्ली मिळालेली असेल तर "<११.२". म्हणजे मला अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसले, त्यात तो नव्हता.

आमची रूममेट म्हणायची, नसलेला तारा बघायला अलार्म लावणारी जगात ही एकटीच. ती म्हणायची, "रोज नाही लिहिलेलं असेल तरच आला कधी ते कळेल ना." यावर रूममेटचं उत्तर होतं की अलार्म तरी हळू लाव बाई.

हा तारा बदलतो हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एडवर्ड पिगट नावाच्या इंग्रज माणसाच्या, १७९५ मध्ये. आणि पिगट म्हटलं की जॉन गुडरिक येतोच. हे दोघं इंग्लंडमधल्या यॉर्क गावात शेजारी शेजारी राहायचे, एकमेकांचे मित्र, पिगट अकराएक वर्षांनी मोठा. गुडरिक लहानपणच्या आजारात बहिरा झालेला. आल्गोलचा काळ त्यानेच शोधला, वय १८, आणि कारण म्हणून आडवं येणारं काहीतरी असेल असंही लिहून ठेवलं. १७८३ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं, १७८४ मध्ये वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी हा तारा बदलतो हे दाखवलं, आणि १७८६ च्या एप्रिलमध्ये गेला, वयाच्या २१व्या वर्षी. रॉयल सोसायटीचा फेलो म्हणून निवड झाली ती त्याच्या आधी चार दिवस, त्याला बातमी कळलीच नाही. अशी गोष्ट कुणालाही भिडेल, मला तर भयंकर भिडली होती, मी वाचून रडवेली होऊन तिला सांगायला गेले. ती म्हणाली, हो, छानच होता तो, पण मला पिगट जास्त आवडतो. का? "अगं मित्र गेल्यावर नऊ वर्षांनी आर कोरोनी सापडला त्याला. म्हणजे बघतच होता ना तो. एकटा. ते कुणी सांगत नाही."

हे ती आजारी पडायच्या खूप आधीचं बोलणं आहे, त्यात काही पूर्वसूचना वगैरे नव्हती. तिला तो तारा आवडायचा म्हणून तो माणूस आवडायचा, इतकंच. हे मुद्दाम लिहितेय कारण नंतर अशा वाक्यांना फार अर्थ चिकटतात.

आजारपणाबद्दल थोडक्यात. ब्लड कॅन्सर, २०१२ मध्ये कळलं, आठ-नऊ महिने. त्याचं वर्णन करायची मला इच्छा नाही आणि तसाही त्या दिवसांतला मोठा भाग म्हणजे रिपोर्टची वाट बघणं आणि लिफ्टची वाट बघणं. एक फोन मात्र सांगते. तिच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडायची, आकाश शून्य. मी आमच्या घराच्या गच्चीवरून फोन केला की डेल्टा सेफी बघतेय. शेजारीच झीटा आणि एप्सिलॉन आहेत, ३४ आणि ४२, त्यामुळे तुलना करायला सोपा.

"किती?"

"साधारण तीन पॉइंट आठ वगैरे."

"वगैरे म्हणजे? नकाशात वगैरे नावाचा तारा आहे का कुठे? बरोब्बर मध्ये आहे का?"

"जरासा झीटाकडे."

"मग सदतीस लिही. वेळ लिही. चंद्र आहे का? चंद्र आहे तेही लिही."

मी म्हटलं, तुझ्या वहीत लिहून टाकते. तर आवाज एकदम पूर्वीसारखा, गच्चीवरचा. "माझ्या वहीत कशाला? मी कुठे बघितलाय? तुझी वही काढ." माझी वही अशी झाली सुरू. इतकी वर्षं मी नुसती तिची लेखनिक होते.

ती गेली. मग ती शोकसभा, मग ते रामानुजन. काकूंना ते नासाचं फार आवडतं, अजूनही आल्यागेल्याला सांगतात की सर म्हणाले होते, आणि मी त्यात कधी बोलत नाही. आईचं आहे ते. पण बाकीच्यांचा मात्र मला राग येतो, म्हणजे अजून येतो, इतक्या वर्षांनी. ती मला स्पष्ट म्हणाली होती की दुपार अधिवेशनाच्या शाळेत नोकरी बघणार, सकाळी झोपता येईल आणि रात्र मोकळी. एवढंच ठरलं होतं तिचं. यात कुणाला कमीपणा वाटत असेल तर तो त्यांचा प्रश्न. प्रतिभावान माणूस मेला की त्याच्या न झालेल्या आयुष्यात लोक स्वतःला आवडतील ते आकडे भरत बसतात, आणि हिच्या बाबतीत ते विशेष खटकतं, कारण न बघितलेल्याचा आकडा लिहायला जिचा आयुष्यभर विरोध होता तिच्याच वहीत ही भर.

२०१४ च्या अखेरीकडे आर कोरोनी वर आला. मला बायनॉक्युलरमध्ये दिसला, त्या रिकाम्या जागी, जी मी तिच्यामुळे पाठ केली होती, मंदच होता अजून पण होता. मी तुलनेचे तारे शोधले, दोनदा बघितलं, आकडा लिहिला. नंतर गच्चीवरच बसून राहिले बराच वेळ आणि खूप रडले, हे पण लिहून टाकते, झालं तर झालं. तिने तो कधीच बघितला नाही. तिच्या वह्यांत त्याच्या नोंदी इतर कुठल्याही ताऱ्यापेक्षा जास्त आहेत.

२०१९ च्या डिसेंबरात काक्षी मंदावला तेव्हा तर रस्त्यावर चालता चालता कळत होतं. मृगाच्या खांद्यावरचा तो तांबडा तारा, एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास, रोहिणीपेक्षा उघड उघड उजळ. रोहिणीच्या खाली गेला, मग पुनर्वसूतल्या पॉलक्सच्या खाली, फेब्रुवारीत १.६ पर्यंत, म्हणजे मृगाच्याच दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सच्या बरोबरीला. पेपरांत येत होतं की आता याचा स्फोट होणार. तसं काही झालं नाही, त्याने स्वतःच बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन आड आली होती आणि पृष्ठभागाचा एक भागही थंड झाला होता असं पुढे कळलं. तो सगळा हिवाळा मला सारखं वाटायचं की फोन करावा आणि सांगावं, अगं बाहेर जा, वर बघ, काही लागत नाही, बायनॉक्युलर पण नको. मग मीच माझ्या ऑफिसातल्या दोघींना पार्किंगमध्ये उभं करून विचारायला लागले, हा उजळ की तो? त्या म्हणायच्या तू सांग. मी म्हणायचे, नाही, तुम्ही सांगा.

आता उत्तर मुकुटातच दुसरा एक आहे, टी कोरोनी, एरवी दहाव्या प्रतीचा, १८६६ आणि १९४६ मध्ये भडकून नुसत्या डोळ्यांना दिसला होता, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला होता. ऐंशी वर्षांचा हिशोब धरला तर २०२६ च्या आसपास. आम्ही कॉलेजात असताना बोटं मोजून ठरवलं होतं की तेव्हा आपण चाळिशीच्याही आत असू, चष्मा लागलेला नसेल, झकास. मला चष्मा लागला. रात्री आभाळ मोकळं असलं की मुकुट बघून घेते, रोजच्या सात ताऱ्यांत आठवा कुणी आलाय का ते.

तिच्या वह्या सध्या माझ्याकडे आहेत, तिच्या दादाने दिल्या. संगणकावर टाइप करतेय, हळूहळू, कारण अक्षर भयंकर आहे आणि अंधारात लिहिलेल्या ओळी एकमेकींवर चढल्यात. काही ठिकाणी एक की सात कळत नाही. अशा जागा मी रिकाम्या सोडतेय, आलेखात कुठला आकडा बसतो ते बघून भरणं सोपं होतं, पण तिथे हात धजत नाही. काही पानांवर मधेच माझं अक्षर येतं, आल्गोलच्या रात्रींचं, सरळ, स्वच्छ, रटाळ.

आणि एक काम होतं, त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं आणि कुठच्या कुठे गेले. तो १० बाय ५० चा बायनॉक्युलर तिने शेवटच्या वर्षी आपल्या बॅचमधल्या कुणाला तरी ट्रेकसाठी दिला होता आणि तो परत आलाच नाही. कुणाला दिला ते तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही, माणसांच्या नोंदी ती ठेवायचीच नाही. काळा, उजव्या बाजूचं रबर निघालेलं, पट्ट्याऐवजी सुतळी. अर्ध्या वह्या त्यातून बघून झाल्यात. ज्याच्याकडे असेल त्याने माळ्यावरून काढा आणि मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन, उशीर का केलास वगैरे काही विचारणार नाही.